ओस शहरात मासे आणि पालेभाज्या

महोदय,

कारखाने बंद पडल्यावर शहराचे काय होते, हे आपल्या गिरणगावाने पाहिले आहे. तिथे टॉवर आणि मॉल आले. अमेरिकेतील मिलवॉकीत विल ॲलन या माजी बास्केटबॉलपटूने १९९३ मध्ये वेगळी वाट धरली. गरीब वस्तीजवळची जुनी रोपवाटिका विकत घेऊन त्यांनी पुढे तिथे ॲक्वापोनिक्स उभे केले. खाली टाकीत तिलापिया आणि पर्च मासे, वर वाफ्यांत पालेभाज्या. माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात, रोपे ते शोषतात आणि स्वच्छ पाणी पुन्हा माशांकडे जाते. बिअर कारखान्यांचा चोथा कंपोस्टला, आणि त्या कंपोस्टची ऊब कडाक्याच्या थंडीत हरितगृहाला! वस्तीतल्या मुलांना कामही मिळाले.

त्यांची ‘ग्रोइंग पॉवर’ संस्था २०१७ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडली, हे खरे. पण एवढा भार एकट्या संस्थेने किती दिवस पेलायचा? आपल्या महापालिकांनी पडीक भूखंड बचत गटांना अशा शेतीसाठी नाममात्र भाड्याने द्यावेत. विजेचीही खात्रीशीर सोय हवी. पंप बंद पडला की काही तासांत मासे मरू लागतात.

– एक वाचक, ठाणे