फॉर्मवर दमा लिही

नागपूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय नंदू,

सकाळी तुझा फोन झाला आणि दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही. सीताबर्डीवरच्या एजंटाने जर्मनीला शिकायला निघालेल्या पोरीच्या विम्याचा फॉर्म भरून दिलाय, फक्त 'पूर्वीचे आजार' या रकान्यात 'नाही' लिहा म्हणाला, एवढंच तू सांगितलंस. लहानपणीचा दमा कोण विचारतं, उगाच प्रीमियम वाढेल, असं त्याचं म्हणणं. तुझ्या घरी पाहुणे होते, मागे टीव्ही चालू होता, म्हणून मी जास्त बोललो नाही. पण ही गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नाही. लिहून पाठवतो, म्हणजे वहिनींना वाचता येईल आणि पोट्टीलाही.

आपण महाल भागात एकाच वाड्यात राहायचो तेव्हाची ती दिवाळी आठव. चार वर्षांची होती पोरगी. लक्ष्मीपूजनाची रात्र, गल्लीत फटाक्यांचा धूर दाटलेला, आणि तिच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. तू स्कूटर काढलीस, मी मागे तिला शालीत गुंडाळून बसलो. बडकस चौकातून निघून लोहापुलाखालून धंतोलीला पोचेपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. नेब्युलायझरचा मास्क तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता. वाफ तिच्या पापण्यांवर बसून थेंब होत होते. माझा अंगठा मुठीत घट्ट धरून ती पहाटे कधीतरी झोपली. नंदू, तिच्या फॉर्मवर 'नाही' कसं लिहायचं, सांग मला.

आणि हे नुसतं भावनेपोटी म्हणत नाही. तिकडे दवाखान्यात गेली की डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारणार, त्रास कधीपासून आहे? ती खरं बोलणारी पोरगी आहे, म्हणणार, लहानपणापासून. ते कागदावर येणार. तोच कागद क्लेमला जोडायचा असतो. मग कंपनीने फॉर्म आणि कागद शेजारी शेजारी ठेवले की क्लेम नाकारायला दुसरं काही शोधावंच लागत नाही. तेव्हा तो एजंट फोन उचलणार आहे का? इथून विकल्या जाणाऱ्या स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसीत जुना आजार बहुतेक धरतच नाहीत. जिवावर बेतलं तरच थोडंफार मिळतं, तेही मर्यादेत. म्हणजे जे लपवून तू पैसे वाचवणार, नेमक्या त्याच दुखण्याला ती पॉलिसी कामाची नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ही पॉलिसी आहे तर तिकडचा महागडा विमा कशाला, असं तू म्हणालास ना, तिथे तुझा घोटाळा होतोय. आमच्या मोठ्या पोराला तिकडे पाठवलं त्या वेळी माझाही हाच घोटाळा झाला होता, म्हणून कळकळीने सांगतो.

जर्मनीत युनिव्हर्सिटीत नाव घालायचं तर आरोग्य विमा लागतोच. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला पब्लिक इन्शुरन्स, म्हणजे तिथला कायद्याने चालणारा सार्वजनिक विमा, विद्यार्थ्यांच्या दरात मिळतो, एओके, टीके, बार्मर अशा कुठल्याही संस्थेचा. महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जातात. व्हिसासाठी तिच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे त्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आपण वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे, त्यातले महिन्याला ९९२ तिच्या हाती येणार, आणि त्यातले दीडशे विम्याला. जीव तुटतो, कबूल आहे. मी रात्ररात्र हाच हिशेब मांडलाय. पण हा विमा दम्याचं विचारून दर ठरवत नाही, दम्यासाठी कोणाला परतही पाठवत नाही. पहिल्या दिवसापासून सगळं धरून. डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं कार्ड दाखवायचं. चिठ्ठीवरच्या औषधाला स्वतःचे पाच ते दहा युरो, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर दिवसाला दहा, तेही वर्षात २८ दिवसांपर्यंतच. दम्याच्या पेशंटसाठी तिथे डॉक्टरांमार्फत वेगळा उपचार-कार्यक्रमही चालतो, तिने पहिल्याच भेटीत त्याची चौकशी करावी.

आणि नंदू, हे वाक्य वहिनींना मोठ्याने वाचून दाखव. स्वस्त पडतं म्हणून सुरुवातीला प्रायव्हेट घेतलं आणि पब्लिकमधून सूट मागितली, तर ते शिक्षण चालू असेपर्यंत पब्लिकमध्ये परत येता येत नाही. आमच्या मोठ्यापुढे असाच सूट मागायचा अर्ज आला होता. पेन हातात होतं. विदर्भातलाच एक सीनियर शेजारी उभा होता, त्याने कागद ओढून घेतला आणि म्हणाला, आधी घरी फोन कर. इथे मध्यरात्र उलटून गेली होती. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

मग वरचा विमा, म्हणजे पूरक, कशासाठी? मूळ पब्लिक विम्यात जिथे भोक आहे तिथे ठिगळ लावायला. भोकं कुठे आहेत हे आधी बघायचं, मग ठिगळ घ्यायचं. आम्ही उलटं केलं, म्हणून दोनदा पैसे भरले.

पहिलं भोक तारखांचं. तिचं सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू, आणि तू तिकीट सप्टेंबरच्या मध्याचं काढलंयस. पब्लिक विमा सेमिस्टरपासून लागतो. मधले ते पंधरा दिवस ती अनोळखी देशात उघडी. ट्रॅव्हल पॉलिसी खरी हवी ती तेवढ्यासाठी, आणि व्हिसाला दाखवायला. दोन वर्षांची नको, पहिल्या महिना-दीड महिन्याची घे. चार दिवस जास्तच असू दे, कमी नको. आणि त्या फॉर्मवर दमा लिही. फार तर दम्याचं धरणार नाहीत, पण पाय मुरगळला, ताप आला तर त्या क्लेमवर कोणी बोट ठेवणार नाही.

दुसरं दातांचं. ही आमच्या घरचीच गोष्ट. मोठ्याची रूट कॅनाल केलेली दाढ दुसऱ्या हिवाळ्यात फुटली. तिकडे डेंटिस्ट आधी खर्चाचा लेखी आराखडा देतो, तो विमा संस्थेकडून मंजूर होतो. साध्या, ठरलेल्या उपचाराच्या साठ टक्के रक्कम संस्था देते, बाकी आपली. त्याने घाबरून लगेच दातांचा पूरक विमा शोधला. पण डॉक्टरने एकदा उपचार सांगितला की तो नवा विमा त्या दाढेला हात लावत नाही, आणि बऱ्याच योजनांत पहिल्या वर्षांत वरची मर्यादाही कमी असते. पोरगा रडकुंडीला आला. मग त्याच्या वसतिगृहातल्या एका मुलीने सांगितलं की उत्पन्न ठराविक मर्यादेखाली असलं तर 'हेर्टेफाल', म्हणजे हलाखीची परिस्थिती, म्हणून अर्ज करता येतो, त्यात साध्या उपचाराचा पूर्ण खर्च संस्था देते आणि साधी टोपी, म्हणजे क्राउन, पूर्ण बसते. त्याने बँकेचे कागद जोडून अर्ज केला. मंजूर झाला. मागच्या दाढेला तिथे साधी म्हणजे धातूची टोपी, पांढरी हवी तर वरचे पैसे भरा. आता व्हिडिओ कॉलवर तो हसला की ती दाढ चमकते आणि त्याची आई दर वेळी म्हणते, बघ माझ्या लेकाचा चांदीचा दात. तेव्हा दातांच्या पूरक विम्यामागे लागू नका. जायच्या आधी धंतोलीत नाहीतर गव्हर्न्मेंट डेंटलला नेऊन तिचे सगळे दात तपासून घे, अर्धवट राहिलेलं पुरं करून घे. तिकडे दरवर्षी एकदा तपासणी करून नोंदवहीत शिक्का घ्यायला सांग. पाच वर्षं खंड पडला नाही तर साठाचे सत्तर टक्के होतात.

चष्म्याचं तेच. मोठ्या माणसांना फार जास्त नंबर असल्याशिवाय, म्हणजे सहाच्या वर, तिकडे साधारणपणे काही मिळत नाही. बर्डीवरून दोन जोड करून दे.

तिसरं भोक बोलायला जड आहे. पब्लिक विमा परदेशातून पेशंटला घरी आणायचा खर्च देत नाही, आणि काही वाईट झालं तर... ते मी लिहीत नाही, तू समजून घे. एका पोराच्या बाबतीत नातेवाइकांनी वर्गणी काढलेली मी स्वतः पाहिलीय. ज्या पूरक विम्यावर मी आनंदाने पैसे खर्च करीन तो हाच. पॉलिसीच्या कागदात रिपॅट्रिएशन, म्हणजे मायदेशी परत आणणं, हा शब्द आणि त्यापुढची रक्कम बोट ठेवून वाच. आई-वडिलांना तिकडे जावं लागलं तर त्याचा खर्च बसतो का, तेही वाच.

युरोपात फिरायला गेली तर तिच्या कार्डाची मागची बाजू चालते, त्याची काळजी नको. पण सुट्टीत नागपूरला आली आणि इथे ॲडमिट झाली तर जर्मनीचा पब्लिक विमा धरत नाही. म्हणून तुझ्या इथल्या फॅमिली फ्लोटरमधून, म्हणजे घरच्या सगळ्यांच्या आरोग्य पॉलिसीतून, तिचं नाव काढू नकोस. आता ती इथे नाही, कशाला भरायचं, असं वाटेल. पण त्या पॉलिसीत तिच्या दम्याचा वेटिंग पिरियड, म्हणजे जुना आजार धरायच्या आधी थांबायचा काळ, तू केव्हाच पुरा केलायस. नाव काढून पुन्हा घातलंस तर तो पहिल्यापासून मोजतील, आणि आता तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो.

तुझ्या पुतण्याचं तू विचारलं होतंस. अमेरिकेचं गणित वेगळं. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाला सरकारची विम्याची सक्ती नाही, सक्ती युनिव्हर्सिटी करते. ती आपली पॉलिसी फीमध्ये लावते आणि दुसरी दाखवून ती माफ करून घ्यायची मुदत देते. बाहेरून स्वस्त मिळतं म्हणून माफी घेण्याआधी त्याने डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम, किती, वर्षाला स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार आणि कॅम्पसजवळचं हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे का, या तीन गोष्टी समोर ठेवाव्यात. ताप, खोकल्याला इमर्जन्सी रूममध्ये जायचं नाही, अर्जंट केअरला, म्हणजे तातडीच्या साध्या दुखण्यांच्या दवाखान्यात, जायचं, हे त्याला आत्ताच सांग. याहून जास्त त्याच्याशीच बोलतो, त्याचा नंबर पाठव.

पोरीच्या बॅगेत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र ठेव. इनहेलरच्या औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घे, कंपनीचं नाव नको, तिकडे ते कोणी ओळखत नाही. दोन इनहेलर हातातल्या बॅगेत, सामानात नकोत. फोनमध्ये दोन नंबर घालून दे: जिवावर बेतलं तर ११२, आणि रात्री-बेरात्री डॉक्टर हवा पण ॲम्ब्युलन्स लागण्याएवढं नाही, तेव्हा ११६११७. ऑक्टोबरनंतर तिकडे थंडी जोरात येते, आणि थंडीत तिची छाती कशी होते ते तू आणि मी जाणतो.

एजंटाला उद्या फोन करून थांब म्हण. सहीचा चेक दिला असशील तर आधी तो थांबव. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन इकडे ये. येताना तिची जुनी फाईल आण, धंतोलीच्या डॉक्टरांची, पिवळी. आपण तिघं बसून फॉर्म पुन्हा भरू, आणि रात्री मोठ्याला व्हिडिओवर घेऊ, तो तिला पब्लिक विम्याचा ऑनलाइन अर्ज समोर बसून दाखवेल. ही सांबारवडी करणार आहे, वहिनींना सांग, जेवायला थांबायचंच आहे.

तुझा,
बाळ्या