सही करण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या चित्रपुस्तकाच्या करारावरून जे झालं ते झालं. तू शनिवारी हिल टॉपला, म्हणजे 'पीटर रॅबिट'वाल्या बीट्रिक्स पॉटरच्या इंग्लंडमधल्या घरी, निघणार आहेस हे दादाकडून कळलं. बाबा म्हणाले, "तिला तिथलं काहीतरी लिही, करार-बिरार पुरे आता." तेव्हा या पत्रात कराराचं काही नाही.

घर लहान आहे, म्हणून तिकीट ठरावीक वेळेचं असतं. आधी काढून ठेव. विंडरमिअर तळं फेरीबोटीने ओलांडलंस की घराचं गाव निअर सॉरी फार लांब नाही, पण पावसाचा नेम नसतो. दमट हवेत जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा हात) लवकर वाळत नाही आणि एक रंग दुसऱ्यात उतरतो, तेव्हा बाहेर पेन्सिलच चालव, रंग खोलीवर येऊन भर. आत गेलीस की जिना, भांड्यांचं लाकडी कपाट आणि दारापर्यंतची फुलझाडांमधली वाट सावकाश बघ. बीट्रिक्स पॉटरने ती चित्रांत जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहेत. घर खरं, जिना खरा, म्हणून त्यावरचं कपडे घातलेलं मांजरही पोरांना खरं वाटतं.

तिचं प्राण्यांचं शरीर कधी चुकत नाही, त्यामागे वर्षांचा अभ्यास आहे. जन्म १८६६ चा, लंडनचा. शाळेत घातलंच नाही, घरी शिकवायला बाई यायच्या. ती आणि धाकटा भाऊ ससे, बेडूक, वटवाघळं पाळायची, आणि प्राणी मेला की त्याचा सांगाडा साफ करून त्याचीही चित्रं काढायची. पुढे अळंब्यांच्या मागे लागली. बीजाणू कसे रुजतात यावरचा तिचा निबंध १८९७ मध्ये लिनिअन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत मांडला गेला, पण बायकांना त्या बैठकीत प्रवेश नव्हता, म्हणून तो दुसऱ्याने मांडला. तू बारावीला बायॉलॉजी सोडत नव्हतीस तेव्हा सगळे म्हणत होते, चित्रकाराला काय करायचंय. तो विषय ठेवलास ते बरं केलंस. तुझ्या कावळ्याचा घोटा आता मागच्या बाजूला बरोबर मोडतो. चौथीत असताना मेकरेडीच्या (छपाईआधी मशीन जुळवतानाच्या) वाया गेलेल्या शीटमागे काढलेल्या कावळ्याला तू माणसाचे पाय दिले होतेस आणि आजीने ते शीट देवघराच्या भिंतीला लावलं होतं. अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात.

काय सांगत होते? पॉटरचं. १८९३ मध्ये तिने आपल्या आधीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला चार सशांची गोष्ट चित्रांसकट पत्रात लिहून पाठवली. काही वर्षांनी तेच पत्र त्याच्याकडून परत मागून घेतलं, उतरवून काढलं, वाढवलं, आणि प्रकाशकांकडे पाठवलं. नकार आले. तिचा आग्रह होता की पुस्तक पोराच्या हातात मावेल एवढं लहान आणि स्वस्त हवं, सहा शिलिंगच्या एका पुस्तकापेक्षा एकेक शिलिंगची दोन-तीन बरी. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या, आतली चित्रं एकरंगी. तेव्हा फ्रेडरिक वॉर्न कंपनी तयार झाली, अट एवढीच की चित्रं रंगीत करून द्यायची. ऑक्टोबर १९०२ मध्ये 'पीटर रॅबिट' आलं, तेव्हा पहिल्या ८००० प्रती बाजारात येण्याआधीच संपल्या होत्या.

हे तुला पाठ असेल. पुढचं सांगते. अमेरिकेत त्या पुस्तकाच्या कॉपीराइटची नोंदणीच झाली नाही. कंपनीकडून राहून गेली. १९०४ पासून तिकडे दुसऱ्यांनी ते बिनधास्त छापलं, आणि त्या प्रतींचा एक पैसा तिला मिळाला नाही. त्यानंतर तिने काय केलं ते लक्षात ठेव. सशाची बाहुली स्वतः शिवली आणि १९०३ संपता संपता तिचं पेटंट घेऊन ठेवलं होतंच. मग पटावरचा खेळ, भिंतीचा कागद, बशा, प्रत्येक गोष्टीचा हक्क वेगळा मोजला आणि नमुना स्वतः तपासला. १९०५ मध्ये तिचं त्या प्रकाशक घराण्यातल्या नॉर्मन वॉर्नशी लग्न ठरलं आणि महिन्याभरात तो गेला. त्याच वर्षी तिने हिल टॉप घेतलं, त्यात पुस्तकांचे पैसे होते. नॉर्मनचा भाऊ हॅरॉल्ड कंपनीचा हिशेब बघायचा. रॉयल्टीचे (विक्रीतल्या तिच्या वाट्याचे) कागद उशिरा यायचे, अपुरे असायचे, ती विचारत राहायची. १९१७ मध्ये हॅरॉल्डला खोट्या सह्यांच्या हुंड्यांवरून अटक झाली, तेव्हा कळलं की पुस्तकांचा पैसा त्याने दुसऱ्या धंद्यात घातला होता. घरच्यासारखी माणसं होती ती, सोनू. तुझ्या प्रकाशकांबद्दल, चांगली माणसं आहेत, चांगली आहेत, असं तू रविवारी तीनदा म्हणालीस. असतीलही. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणूस चांगला असला तरी कागद नीट हवा, कारण चांगला माणूस नोकरी सोडून जातो आणि कागद कंपनीत राहतो.

झालं, आलेच तिथे. आता आलेच आहे तर सगळं लिहून टाकते, म्हणजे फोनवर पुन्हा काढणार नाही.

"आई, मला पुस्तक हवंय, पैसे नकोत," असं तू म्हणालीस. दोन्हींचा संबंध असतो. ७.९९ पौंडाचं पुस्तक धर. रॉयल्टीचे दहा टक्के छापील किमतीवर असतील तर प्रतीमागे साधारण ८० पेन्स. तेच दहा टक्के प्रकाशकाच्या हाती पडलेल्या रकमेवर असतील आणि दुकानाने ५० टक्के सूट घेतली, तर ४० पेन्स. मोठ्या साखळी दुकानांनी ६० टक्के मागितले तर ३२. वर बऱ्याच करारांत बारीक अक्षरात असतं की जास्त सुटीने गेलेल्या प्रतींवर टक्केवारी आणखी कमी. म्हणजे समजा ४००० पौंड आगाऊ मिळाले, तर ४० पेन्सने ते फिटायला १०,००० प्रती खपाव्या लागतात, तोवर रॉयल्टी शून्य. आणि ते ४००० हातात एकदम येत नाहीत: एक तृतीयांश सहीला, एक तृतीयांश चित्रं दिल्यावर, एक तृतीयांश पुस्तक निघाल्यावर. मधले सहा-आठ महिने खोलीचं भाडं द्यायचं असतं. लेखक-चित्रकार दोन असले की टक्के वाटून घेतात. तू दोन्ही आहेस, तेव्हा "चित्रांचे पाच टक्के" असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नकोस.

दुसरं, "सर्व हक्क, सर्व भाषा, सर्व काळ" या ओळीखाली सही करायची नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला थोडा आधार आहे: हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. तिथल्या करारात हे गृहीत धरू नकोस, तिथे लिहिलं असेल तेच खरं. लेखक म्हणून नाव येण्याचा हक्कसुद्धा तिकडे लेखी बजावून ठेवावा लागतो, आपल्याकडे तसं नाही. पुस्तक छापणं बंद झालं तर हक्क किती महिन्यांत परत, हे आकड्यात हवं. खेळणी, ॲनिमेशन, ॲप वेगळे. चित्रं संगणकाला शिकवायला वापरणार नाही, हेही आता लिहून घेतात. आणि मराठी हक्क स्वतःकडे ठेव. एवढं एक माझ्यासाठी कर. पाट्याला टाकी लावायला (छिन्नीने टोचे मारून तो खरखरीत करायला) येणाऱ्या बाईवरचं तुझं पुस्तक इंग्रजीत, आणि जिच्याकडून तू तिची हाक ऐकलीस त्या आजीला ते वाचता येऊ नये, हे मला सहन होणार नाही. मराठी हक्क सोडतच नसतील तर एवढं तरी मागून घे की दोन-तीन वर्षांत मराठी आवृत्ती निघाली नाही तर ते हक्क परत.

तिसरं मला रात्री झोपू देत नाही. विद्यार्थी व्हिसावर तिकडे स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. आगाऊ रक्कम घेऊन पुस्तक करणं त्यात बसतं का, हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला ई-मेलने विचार आणि उत्तर लेखी घे. शिक्षण झाल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर ते बंधन नसतं. सहीची तारीख दोन-चार महिने पुढे गेली तर पुस्तक पळून जात नाही. तुला मात्र परत पाठवलं तर…

आणि तिथल्या लेखकांच्या संघटनेला, 'सोसायटी ऑफ ऑथर्स'ला लिही. कराराचा प्रस्ताव हातात असला की सभासद होता येतं, आणि सभासदाचा करार ते एकेक कलम बघून देतात, वेगळे पैसे घेत नाहीत.

फार झालं. रागावू नकोस. तुला समजत नाही असं मला वाटत नाही. कपाटात तुझ्या डमीचे (पुस्तकाच्या कच्च्या नमुन्याचे) प्रिंट लावून ठेवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, काल गॅसवाल्यालाही दाखवले.

डमीबद्दल मात्र बोलू दे, तिथे तू कधी चिडत नाहीस. ३२ पानं म्हणजे १६ पानी दोन फॉर्म (छापून घडी घातलेले भाग). शीर्षक आणि माहितीची पानं गेली की गोष्टीला बारा-तेरा जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) उरतात, आणि तुझी गोष्ट अकराव्यातच संपते. शेवटची दोन रिकामी वाटतात. टाकीवाली गल्लीत शिरते ते चित्र एका पानात कोंबलंय, त्याला पूर्ण जोडपान दे. १४-१५ वर आजीचं नाक बरोबर घडीत गेलंय. बाइंडिंगमध्ये तिथले काही मिलिमीटर गिळले जातात, दोन पानं वेगळ्या शीटवर आली तर जोड एक-दीड मिलिमीटर सरकतो, आणि चेहऱ्यावर तेवढंसुद्धा दिसतं. घडीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर डोळे, हात, अक्षरं काही नको. बाहेरून तीन मिलिमीटर ब्लीड (कापून टाकायची जादा कड) तू ठेवलंयस, पण कावळ्याची चोच त्यातच आहे, कापली जाईल.

पाट्याचा राखाडी रंग फार सुंदर जमलाय, म्हणूनच भीती वाटते. निळा, गुलाबी आणि पिवळा मिळून केलेला राखाडी मशीनवर टिकत नाही. शाई जराशी वरखाली झाली की एका शीटला दगड गुलाबी, दुसऱ्याला हिरवट. प्रीप्रेसवाल्याला (छपाईआधी फाइल तयार करणाऱ्याला) सांग की राखाडीचा भार काळ्यावर घे, बाकी तिघांचं प्रमाण कमी कर. दगडावरचे टाकीचे ठिपके फिकट वॉशचे आहेत, ते स्कॅनमध्येच उडतात. पाच टक्क्यांखालचा ठिपका प्लेटवर धरेलच असं नाही. मुळातच थोडे गडद काढ. कागद अनकोटेड (लेप नसलेला) असेल तर शाई पसरून मधले रंग काळवंडतात, म्हणून प्रूफ (तपासायची चाचणी प्रत) त्याच कागदावर माग, चकचकीत प्रूफवर होकार देऊ नकोस. आणि "टाकीऽऽय" ही हाक तू चित्रातच ब्रशने लिहिलीयेस. छान दिसते, पण मजकूर नेहमी वेगळ्या थरावर, निव्वळ काळ्यात ठेव. तसं असलं तर दुसऱ्या भाषेसाठी फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलते, चारही रंगांच्या नाही, आणि मराठी आवृत्ती परवडते. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजी ओळीला लागते त्याहून जास्त मोकळी जागा सोडून ठेव.

बाबांचं शुगरचं ठीक आहे. गोळ्या बदलल्यात. मेतकूट आणि लसणाची चटणी मावशीच्या ओळखीच्यांबरोबर पाठवतेय, पिशवीवर तुझं नाव आहे.

कराराची पीडीएफ मला आणि दादाला पाठव, सगळी पानं, शेवटच्या परिशिष्टासकट. कितीही उशिरा पाठव, मी बघते.

तुझी,
आई

ता. क. "पुढच्या पुस्तकावर पहिला हक्क" असं एक कलम हमखास असतं. ते एकाच पुस्तकापुरतं, त्याच वयोगटाच्या चित्रपुस्तकापुरतं आणि उत्तर देण्याची मुदत दिवसांत लिहिलेली असेल तरच ठेवायचं. मुदत नसेल तर तुझं दुसरं पुस्तक त्यांच्या टेबलावर पडून राहील आणि तुला ते दुसऱ्या कुणाला दाखवताही येणार नाही.