बाबा, १२ ग्रेला हो म्हणा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, परवा तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "वय झालंय, म्हणून डॉक्टर थोडक्यात आटपतायत." आणि लगेच विषय बदललात. मला मात्र ते वाक्य सोडेना. फोनवर या विषयाला हात घातला की तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देता, म्हणून पत्रच लिहितेय. दोघांनी सावकाश वाचा.

डॉक्टरांनी संपूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन बीमचे, म्हणजे एक प्रकारच्या रेडिएशनचे, १२ ग्रे सुचवलेत (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). पूर्वीपासून चालत आलेला पूर्ण डोस ३० ते ३६ ग्रेचा. एवढा फरक दिसल्यावर कुणालाही वाटेल की हातचं राखून देतायत. पण तुमचा मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतल्या टी-पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे आणि या पेशी रेडिएशनपुढे फार लवकर नांगी टाकतात. बहुतेक घट्ट गाठींच्या कॅन्सरना लागतो तेवढा डोस यांना लागतच नाही. त्वचेच्या बी-पेशींच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइटच्या, कॅन्सरमध्ये (लिम्फोमात) तर कधी कधी दोन वेळा मिळून फक्त ४ ग्रे देतात आणि तेवढ्यानेही गाठ विरघळते.

तुमच्यासारख्या रुग्णांवरच्या १२ ग्रेच्या तीन अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. रुग्ण ३३ होते, म्हणजे संख्या लहानच, पण त्यातल्या ८८ टक्के लोकांचे चट्टे निम्म्याहून अधिक कमी झाले. काहींची त्वचा पूर्ण स्वच्छ झाली. तुम्ही रात्र रात्र खाजवत बसता ते आठवलं की मला हा आकडा फार मोठा वाटतो.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती लपवलेली तुम्हाला चालणार नाही. चट्टे पुन्हा येऊ शकतात, आणि पूर्ण डोसनंतर येतात त्यापेक्षा लवकरही. पण पूर्ण डोसनेही हा आजार सहसा कायमचा जात नाही, आणि त्वचा आयुष्यभरात किती रेडिएशन सोसेल याला मर्यादा असते. आत्ता १२ ग्रे घेतले, तर पुढे गरज पडल्यावर हाच उपचार पुन्हा घेता येतो. पहिल्याच खेपेला ३६ घेऊन बसलो तर ती वाट अरुंद होते. डॉक्टर तुमच्या पुढच्या वर्षांचा विचार करतायत, बाबा. उरकून टाकणारा माणूस असा हिशेब करत नाही.

प्रत्यक्षात काय होतं, तेही विचारून घेतलंय. मशीनपासून बऱ्याच अंतरावर उभं राहायचं, हात-पाय ठरवून दिलेल्या सहा पवित्र्यांत ठेवायचे. डोळ्यांना संरक्षण देतात. खोलीत तुम्ही एकटे असाल, पण बाहेरून ते तुम्हाला बघत असतात, बोलतही असतात. दुखत नाही. इलेक्ट्रॉन त्वचेच्या वरच्या थरांतच थांबतात, आतल्या अवयवांपर्यंत जवळजवळ पोचत नाहीत. तळपाय, काखा, जांघा अशा झाकल्या जाणाऱ्या जागांना लागलं तर वेगळा डोस देतात. मोठ्या डोसला आठ ते दहा आठवडे लागतात, याला साधारण तीन. तुमचे गुडघे बघता उभं राहणंच जड जाईल, ते त्यांना आधीच सांगा. संकोच करू नका.

आई, तुझ्या मनातली भीती मला माहीत आहे. हा आजार स्पर्शाने लागत नाही. हे रेडिएशन बाहेरून दिलं जातं, मशीन बंद झाली की संपलं, बाबांच्या अंगात काही उरत नाही. त्यांच्या शेजारी झोप, नातवंडांना मांडीवर बसू दे. त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवू नकोस, त्यांच्या मनाला ते लागतं.

काळजी त्वचेची घ्यायची. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. कपडे सैल आणि सुती. मॉइश्चरायझर कुठलं आणि सत्राच्या किती आधी लावायचं, ते तिथल्या नर्सला विचार. घरगुती लेप मात्र हा उपचार संपेपर्यंत नकोच. लाली, कोरडेपणा, खाज, पायांना थोडी सूज, केस विरळ होणं, नखांत बदल, हे होऊ शकतं आणि मोठ्या डोसपेक्षा ते सहसा सौम्य असतं. घाम कमी येईल, म्हणून उन्हात फिरणं टाळा. ताप आला किंवा एखाद्या चट्ट्यातून पू यायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. चिरलेल्या त्वचेतून होणारा संसर्ग या आजारात खरा धोका आहे.

बाबा, पुढच्या भेटीत त्यांना दोन गोष्टी नक्की विचारा: माझा आजार कोणत्या टप्प्यावर आहे, आणि चट्टे परत आले तर पुढचं पाऊल काय. मी फोनवर जोडलेली असेन. आई, सुरुवात होण्याआधी पाठीचे आणि मांड्यांचे फोटो काढून ठेव, उजेडात, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आणि तारीख ठरली की आधी मला कळवा, मी त्या आठवड्यांची रजा टाकते.

तुमची लेक