बाबा, ती मूळव्याधच आहे असं कुणी सांगितलं?

पुणे, रविवार

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर आवाज बारीक करून सगळं सांगितलंस आणि वर म्हणालीस, "बाबांना कळू देऊ नकोस." तरी हे पत्र दोघांच्या नावानं लिहितेय. दोन महिने बाबांच्या पायजम्याला रक्ताचे डाग पडताहेत आणि तू ते पहाटे कुणी उठायच्या आत मोरीत धुऊन टाकतेस, हे कळल्यावर मला गप्प बसवत नाही.

बाबा, रागावू नका. एवढंच विचारते, ही मूळव्याधच आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? तालमीच्या कट्ट्यावर, की गंगावेशीत दूध प्यायला जाता तिथं? आपल्याकडं त्या जागेचं काहीही दुखलं, रक्त आलं, खाज सुटली, की नाव एकच. नऊ वर्षं मी एंडोस्कोपीच्या खोलीत नर्स म्हणून उभी आहे. बहुतेक माणसं हेच नाव घेऊन येतात आणि निघतं भलतंच.

आई, तुझं आधी सांगते, ते सोपं आहे. संडासच्या वेळी काच फिरल्यासारखं दुखतं आणि मग तास-दोन तास ठणकतं, म्हणालीस ना? ही बहुधा चीर आहे, डॉक्टर तिला फिशर म्हणतात. खडा झाला की कातडी फाटते, दुखण्यानं तिथला स्नायू आवळतो, आवळला की रक्त पोचत नाही आणि चीर भरत नाही. तू दुखेल म्हणून जाणं टाळतेस, त्यानं खडा आणखी घट्ट होतो. लोखंडाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही पोट बांधतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांग. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात डेटॉल-बिटॉल काही घालू नकोस. रात्री इसबगोल, पण पेलाभर पाण्याबरोबर, नुसतं दोन घोटांत नाही. स्नायू सैल करणारं मलम डॉक्टर लिहून देतील. ताज्या चिरा बहुतेक सहा-आठ आठवड्यांत भरून येतात, थोड्यांनाच छोटं ऑपरेशन लागतं. लाज वाटते म्हणून बाईच डॉक्टर हवी असेल तर तशी शोधू, पण दाखवायचं.

आता खरी मूळव्याध. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या गाद्या सगळ्यांनाच असतात. वर्षानुवर्षं कुंथून त्या सुजतात, खाली सरकतात, तोच मोड. आतल्या मोडातून रक्त लालभडक पडतं आणि बहुधा दुखत नाही. सुरुवातीला चोथा, पाणी आणि कुंथणं बंद, एवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर मोडाच्या बुडाशी रबराचं बारीक कडं बसवतात, रक्त तुटून तो काही दिवसांत गळून पडतो, त्याच दिवशी घरी. ऑपरेशन मोठ्या मोडांनाच लागतं. तिखटावर मात्र आळ घेऊ नका. तांबड्या रश्श्यानं मूळव्याध होत नाही, चीर असेल तर आग तेवढी होते.

भगंदर वेगळंच. आत गळू होऊन फुटतं आणि बाहेरपर्यंत नळी पडते, पू येत राहतो. मलमानं ती बुजत नाही. ऑपरेशन किंवा सुश्रुतसंहितेतलं क्षारसूत्र, म्हणजे नळीत घालायचा औषध लावलेला दोरा, तेही रीतसर शिकलेल्या वैद्याच्या हातून. स्टँडच्या आसपास भिंतीवर 'एका दिवसात, बिना ऑपरेशन, गॅरंटी' असं रंगवलेलं असतं ना, तिकडं पाऊल टाकू नका. तसल्या इंजेक्शनांनी जागा सडलेली, आकुंचन पावलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि बाबा, तात्या. त्यांनाही मूळव्याधच होती ना? दीड वर्षं सुरण आणि मलम. ५९ व्या वर्षी कळलं तेव्हा कर्करोगाची गाठ गुदाशयात होती, बोटाला लागेल इतकी खाली. दीड वर्षात कुणी एकदाही बोट घालून तपासलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. मला आजही त्यावरून झोप लागत नाही.

ते तुमचे सख्खे भाऊ. सख्ख्या नात्यात हा आजार असला की आपला धोका साधारण दुप्पट होतो. तुमचं वय ६७, रक्त जातंय आणि आई म्हणते, महिनाभर सकाळी तीन-तीनदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. मोड असतीलही, पण मोड दिसले म्हणून वरचं आतडं निर्धोक ठरत नाही. म्हणून आधी बोटानं तपासणी, मग कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघणं.

भीती वाटते ती माहीत नसल्यामुळं. झोपेचं इंजेक्शन देतात, अर्धा-पाऊण तास लागतो. आतड्याचा बहुतेक कर्करोग आधी साधा कोंब असतो, पॉलिप. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात आणि दिसला की तिथंच तारेच्या फाशानं काढतात. अवघड असते ती आदली रात्र. दोन-तीन लिटर औषधाचं पाणी प्यायचं आणि खेपा घालायच्या. तीन दिवस आधीपासून बियांचं काही नको, पांढरा रस्साही नको, त्यातले तीळ-खसखस आतड्याला चिकटून राहतात. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेवढंच पातळ. बीपीची आणि रक्त पातळ व्हायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, मी विचारून सांगते.

तुमच्या आत काय आहे त्यावर माझी तपासणी कितव्या वर्षी करायची तेही ठरणार आहे. स्वतःसाठी नसेल तर माझ्यासाठी या.

मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं निघते. शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे, दोघांचीही. बाबा, तेवढ्यात काकूंकडून तात्यांची जुनी फाईल मागून आणा. कशाला हवी विचारलं तर खरं ते सांगा. गाठ नेमकी कुठं होती, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.

तुमची,
सुमी