पांडवलेणीतला यवन आणि रामकुंडावरचा दहावा

नाशिक

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत आजोबांनी तुला जेवताना विचारले, "त्या यवनांच्या देवांत एवढे रमायला आपल्याकडे काय कमी आहे रे?" यवन म्हणजे प्राचीन ग्रीक. तू घाईघाईने म्हणालास की त्यांचा झ्यूस म्हणजे आपला इंद्रच, आणि पानावरून लवकर उठलास. मी तुम्हां दोघांच्या मध्ये बसलो होतो आणि एक शब्दही बोललो नाही. आजोबांचे म्हणणे मला पटले नव्हते, पण तुझी बाजू मांडण्याइतके ज्ञानही माझ्यापाशी नव्हते. तुझा उतरलेला चेहरा तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तू पुण्याला गेल्यानंतर तुझे 'इलियड'चे, होमरच्या त्या ग्रीक महाकाव्याचे, इंग्रजी भाषांतर पलंगाशेजारच्या फळीवर राहिलेले दिसले. मी ते उघडले तेव्हा ते आपसूक चोविसाव्या सर्गापाशीच उघडले, इतका तो भाग तू वाचलेला होतास. समासात तू पेन्सिलीने दोन हात काढले आहेत. एक तरुण आणि रुंद, दुसरा शिरा वर आलेला, आणि म्हाताऱ्या हाताची बोटे तरुण हातावर टेकलेली. त्या बोटांची पेरे तू दोनदा खोडून पुन्हा काढली आहेस, कागद तिथे झिजून पातळ झाला आहे. ते चित्र पाहिल्यावर मी शब्दकोश जवळ घेऊन तो सर्ग चार रात्री बसून वाचला.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी मी पांडवलेणी चढलो. आपण तुझ्या लहानपणी कितीदा गेलो असू, पण तेव्हा आपण वरून दिसणारे शहर पाहत असू, भिंतीवरची अक्षरे कधी पाहिली नाहीत. या वेळी सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातले वाचन हाताशी ठेवून मी सतराव्या लेण्यापुढे उभा राहिलो. तेथील ब्राह्मी लेखात प्राकृत भाषेत लिहिले आहे की उत्तरेकडील दात्तामित्री येथील यवन, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, याने तिरण्हु पर्वतात, म्हणजे आपल्या या त्रिरश्मी डोंगरात, हे लेणे कोरविले, आत चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, करविल्या, आणि ते आईवडिलांसाठी करून आपला मुलगा धर्मरक्षित याच्यासह बौद्ध संघाला दिले. लेणे आतून अपुरेच राहिले आहे. एक यवन, त्याचे आईबाप आणि त्याचा मुलगा, असे तीन पिढ्यांचे कुटुंब सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या दगडात नोंदले गेले आहे आणि त्या नोंदीशेजारून मी पन्नास वर्षे ये-जा करीत आलो.

त्याच रांगेत तिसरे लेणे आहे. त्यातील मोठ्या लेखात गौतमी बलश्री आपल्या दिवंगत मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगताना त्याला शक, यवन आणि पह्लव यांचा संहार करणारा म्हणते. म्हणजे यवनांना हरविल्याचा आईला वाटणारा अभिमान आणि यवनानेच आईवडिलांसाठी दिलेले दान ही दोन्ही एकाच डोंगराच्या एकाच रांगेत आहेत, आणि त्या काळच्या लोकांनी दोन्ही जपली. आजोबांच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला सुचले नसते. तुझी आवड तुला घरापासून दूर नेते असे मला आता वाटत नाही.

मात्र झ्यूस म्हणजे इंद्र, असे तू पुन्हा म्हणू नयेस. वज्र आणि पाऊस पाहून तसे वाटते खरे, परंतु झ्यूस या नावाचे नाते ऋग्वेदातील द्यौः या आकाशपित्याशी आहे, इंद्राशी नाही. आजोबांना बरे वाटावे म्हणून ओढून आणलेली साम्ये शेवटी दोन्हीकडच्या कथांवर अन्याय करतात. खरे साम्य शोधायचे तर त्यासाठी संस्कृत आणि ग्रीक दोन्ही भाषा मन लावून शिकाव्या लागतील, आणि तुझा तसा विचार असेल तर त्याचा खर्च ही माझी जबाबदारी समज. चित्रकला सोडू नकोस. ज्याला त्या पेरांची वळणे दिसतात, त्याला होमरच्या ओळींतले बारकावेही दिसतील.

आता आजोबांचे सांगतो. सोमवारी संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मी त्यांना तो चोविसावा सर्ग मराठीत सांगितला. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रियाम आपल्या मुलाचे, हेक्टरचे, प्रेत मागायला रात्री शत्रूच्या तळावर जातो, ज्याने आपली मुले मारली त्या अकिलीसचे गुडघे धरतो, त्याच्या हातांचे चुंबन घेतो आणि तुझ्या बापाची आठवण कर म्हणतो, तेव्हा अकिलीसला आपला दूर राहिलेला म्हातारा बाप आठवतो आणि दोघेही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. इथपर्यंत आजोबा डोळे मिटून ऐकत होते. मग मी सांगितले की अकिलीस विचारतो, तुला क्रियाकर्माला किती दिवस हवेत, आणि प्रियाम म्हणतो, नऊ दिवस आम्ही घरी शोक करू, दहाव्या दिवशी दहन आणि जेवण, अकराव्याला समाधी उभारू, बाराव्याला लढायचेच असेल तर लढू.

आजोबांनी डोळे उघडले आणि विचारले, "दहाव्याला?"

ज्या माणसाने आयुष्यभर रामकुंडावर लोकांची दशक्रिया पाहिली, स्वतःच्या आईवडिलांचे आणि आजीचे पिंड तिथे ठेवून कावळ्याची वाट पाहिली, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. त्यांचा दहावा आपल्या दहाव्यासारखा नव्हे, त्यांचे दहनच त्या दिवशी झाले, हे मी त्यांना नीट सांगितले, कारण आत्ताच तुला जे सुनावले ते मलाही लागू आहे. पुढे चिता मद्याने विझवली, हेक्टरच्या भावांनी आणि सोबत्यांनी पांढऱ्या अस्थी वेचल्या, सोन्याच्या पेटीत ठेवल्या, जांभळ्या मऊ वस्त्रांत गुंडाळल्या आणि जेवण प्रियामच्या वाड्यात झाले, एवढे सांगून मी थांबलो, कारण काव्य तिथेच संपते. ट्रॉयचा प्रसिद्ध लाकडी घोडा त्यात येत नाही हे मला त्या रात्रीच कळले.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला विचारले की अस्थी वेचताना बाप तिथे होता का. मी त्या ओळी पुन्हा काढून पाहिल्या, त्यात भाऊ आणि सोबती एवढेच आहेत. ते म्हणाले, "अनिकेतला विचार. आणि त्याला सांग, पहिल्यापासून वाचून दाखव म्हणावे, मधूनच नको."

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा हरिपाठानंतरची वेळ त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. पुस्तक फळीवर जिथे होते तिथेच आहे. येताना गाडीत बसलास की फोन कर, मी द्वारका चौकात घ्यायला येईन.

तुझा,
बाबा