वॉल्शला एक माप, गिब्सनला दुसरं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या आकड्यांवर आपल्या एका वाचकाने पत्रातून चांगलेच ताशेरे ओढले आहेत. मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, जुन्या निग्रो लीगच्या १९२० ते १९४८ या काळातल्या नोंदी आपल्या अधिकृत नोंदींत घेतल्या. कृष्णवर्णीयांना मेजर लीगमध्ये बंदी होती, म्हणून त्यांच्या या वेगळ्या लीग. त्यामुळे कारकिर्दीतल्या सर्वोच्च बॅटिंग सरासरीचा (बॅटिंगच्या दर संधीमागे किती हिट, त्याचा) मान टाय कॉबकडून (०.३६७) जॉश गिब्सनकडे (०.३७२) गेला. तीन हजारांहून जास्त सामने खेळलेल्याच्या डोक्यावर सहाशेच्या आसपास सामने खेळलेल्याला बसवणं म्हणजे आकड्यांच्या जागी भावना आणणं, असं या वाचकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. नेमका हाच वाद मी सध्या दर रविवारी पहाटे घालते आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त गणित शिक्षिका. मुलगा न्यू जर्सीत असतो. तो आणि त्याचे मित्र स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा खेळ खेळतात. हॅल रिचमन यांनी तो १९६१ साली बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एका मोसमाचं एक कार्ड असतं आणि फासे तीन. एका फाशावर १ ते ३ पडले तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४ ते ६ पडले तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि त्या आकड्यासमोर जे लिहिलं असेल तसं होतं: हिट, वॉक (पिचरच्या वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस), आउट किंवा होमरन (बहुधा भिंतीपलीकडे गेलेला फटका). पोरांनी वेगवेगळ्या दशकांतले खेळाडू एकत्र करून बारा संघांची लीग काढली आणि मला एक संघ दिला. त्यांच्याकडे शनिवारी रात्रीचे आठ वाजतात तेव्हा डोंबिवलीत रविवारचे पहाटेचे साडेपाच. मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि फासे स्टीलच्या ताटात टाकायचे, म्हणजे कॅमेऱ्यात सगळ्यांना दिसतात. फासा ताटाबाहेर उडाला तर डाव रद्द, तिन्ही फासे पुन्हा टाकायचे. हा नियम माझा. त्याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

बाकीचे नियम लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. सोसायटीत ‘एका फ्लॅटला एक पार्किंग’ असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी मधली भिंत पाडून दोन फ्लॅट जोडतो आणि तरी पार्किंग दोनच मागतो. इथेही तोच प्रकार. ‘घरचं मैदान ज्याने त्याने निवडावं’ एवढं लिहिलं, तर एकाने मेल ऑट या जुन्या बॅटरला घेतलं आणि मैदान म्हणून त्याचंच घरचं, पोलो ग्राउंड्स. ऑटच्या ५११ होमरनपैकी ३२३ घरच्या मैदानावरचे आहेत, कारण तिथे उजवीकडची भिंत जेमतेम २५८ फुटांवर होती. आता मैदानांच्या चिठ्ठ्या टाकतो.

खरी गोम वेगवेगळ्या काळांची आहे. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. १९३० साली नॅशनल लीगची सगळ्या बॅटरांची मिळून सरासरी ०.३०३ होती. त्या वर्षी बिल टेरीने ०.४०१ मारली. १९६८ साली पिचरांचं इतकं राज्य होतं की अमेरिकन लीगची सरासरी ०.२३० वर आली आणि कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ सरासरीवर पहिला आला. पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला, यावरून काय ते समजा. नुसते आकडे मांडले तर टेरी कुठच्या कुठे आणि यास्त्रेम्स्की १९३० च्या अगदी सामान्य बॅटरच्याही किंचित खाली. पण ज्याच्या त्याच्या वर्षाच्या सरासरीने भागून बघा: टेरी सरासरीपेक्षा ३२ टक्के वर, यास्त्रेम्स्की ३१ टक्के वर. दोघं खांद्याला खांदा लावून उभे! हे गणित फळ्यावर मांडायला मला वर्गात मिळालं असतं तर शेवटच्या बाकावरची पोरंही जागी राहिली असती. तेव्हा पहिला नियम झाला, तो असा की प्रत्येकाची सरासरी त्याच्या वर्षाच्या आणि त्याच्या लीगच्या सरासरीशी ताडून घ्यायची. तो एकमताने पास झाला.

दुसरा नियम कोणाला किती खेळवायचं याचा. शिकागोचा पिचर एड वॉल्श याने १९०८ साली ४६४ इनिंग टाकल्या (बेसबॉलच्या एका सामन्यात सहसा नऊ इनिंग), संघाच्या जवळजवळ एक-तृतीयांश. आज वर्षाला २०० इनिंग टाकणारा पिचर म्हणजे दणकट समजायचा. वॉल्शला जसाच्या तसा घेतला तर त्याचा मालक आणखी दोन बरे पिचर घेऊन लीग खिशात घालणार. म्हणून ठरवलं की त्या वर्षी त्या लीगमधला नियमित खेळाडू सरासरी जेवढं काम करायचा ते १०० टक्के धरायचं आणि आपल्या खेळाडूचं काम त्याच्या किती टक्के होतं ते काढायचं. नियमित पिचरला आमच्याकडे २०० इनिंग. वॉल्शला या हिशेबाने तीनशेच्या आसपास मिळतात. इतरांपेक्षा जास्त आहेतच, पण डोईजड नाहीत. यावरही सगळे खूश.

मग गिब्सनचं कार्ड आलं. १९४३ सालचं, सरासरी ०.४६६. निग्रो लीगचे संघ अधिकृत सामने थोडे खेळायचे. पोटासाठी उरलेले दिवस गावोगाव फिरून मिळेल त्या संघाशी खेळायचे, आणि ते सामने नोंदींत धरलेले नाहीत. नियम लावला तर हिशेब सरळ आहे. गिब्सन त्याच्या लीगमधल्या कुठल्याही नियमित खेळाडूइतका खेळला, म्हणजे १०० टक्के, म्हणजे आमच्याकडे त्याला पूर्ण मोसम. तर वॉल्शच्या इनिंग कापताना टाळ्या वाजवणारा एक गडी म्हणाला, “काकू, हा साठ-सत्तर सामनेच खेळला, याला तेवढेच द्या.” म्हणजे वॉल्शला त्याच्या काळाच्या मापाने मोजायचं आणि गिब्सनला आपल्या काळाच्या! आपले पत्रलेखकही हेच करताहेत. कॉबचे तीन हजार सामने ते मोजतात, गिब्सनला तेवढे सामने का मिळाले नाहीत ते मोजत नाहीत. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. मेजर लीगमधली ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरला तो त्याच वर्षी १५ एप्रिलला.

थोड्या सामन्यांत सरासरी फुगते, ही शंका मात्र रास्त आहे. गणिताच्या बाईला ती कोणी शिकवायला नको. त्यासाठी आमचा तिसरा नियम आहे. ज्याच्या नावावर संधी कमी आहेत त्याच्या खात्यात त्या वर्षीच्या सरासरी खेळाच्या काही संधी मिसळायच्या. मग गिब्सनचे ०.४६६ उतरून ०.४०० च्या जवळपास येतात. पण हा नियम सगळ्यांना लागतो. करोनामुळे २०२० साली मेजर लीगचा मोसम ६० सामन्यांचाच झाला, त्यात डीजे लमेह्यू ०.३६४ सरासरीवर अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. त्याचंही कार्ड तसंच खाली उतरतं. त्याचा तो मान रेकॉर्डबुकातून काढा, असं आपल्या पत्रलेखकांनी लिहिलेलं नाही.

‘समोरचे पिचर हलके होते’ हा पुढचा मुद्दा. निग्रो लीगमधला पिचर सॅचेल पेज १९४८ साली क्लीव्हलंडकडून मेजर लीगमध्ये आला तेव्हा ४२ वर्षांचा होता, आणि त्या अर्ध्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले, एक हरला. नॅशनल लीगचे सर्वोत्तम नवोदित खेळाडू बघा. १९४९ ते १९५३ या सलग पाच वर्षांत न्यूकम, जेथ्रो, मेज, ब्लॅक आणि गिलियम. पाचही जण निग्रो लीगमध्ये खेळून आलेले. शिवाय हलक्या-भारीचा वाद काढायचाच तर कॉबलाही लीगच्या सामन्यात कृष्णवर्णीय पिचर कधी खेळावा लागला नाही, ते कुठल्या रकान्यात टाकायचं?

एक गोष्ट आम्ही करत नाही, ती म्हणजे कल्पनेतले मोसम वाटणं. टेड विल्यम्सची १९४३ ते १९४५ ही वर्षं महायुद्धात गेली, म्हणून त्याला त्या वर्षांची कार्डं नाहीत. गिब्सनलाही न खेळलेला एकही मोसम दिलेला नाही. जे खेळला ते त्याच्या काळाच्या मापाने, इतकंच.

आपल्याकडे हा प्रश्न उपराच वाटायला नको. दलित समाजातले क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचे अवघे ३३ सामने आहेत. बळी १७९, तेही सरासरी १५ धावांना एक. भारताचा पहिला कसोटी सामनाच १९३२ सालचा, तोवर त्यांचा खेळ संपला होता. त्यांना सामन्यांत घेतलं तरी चहा तंबूबाहेर मिळत असे आणि हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. गिब्सनची गोष्ट वेगळी, त्याला मेजर लीगच्या मैदानातच येऊ दिलं नाही. पण ३३ सामने म्हणून पालवणकरांना डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांच्या यादीतून कोणी खाली ढकललं, तर याच वाचकांनी आपल्याकडे खरमरीत पत्र पाठवलं असतं, अशी माझी खात्री आहे.

आमच्या लीगमध्ये गिब्सनचा प्रश्न आठ विरुद्ध चार मतांनी सुटला. आता घोळ चाललाय बुलेट रोगनचा. निग्रो लीगच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचा हा गडी पिचिंगही करायचा आणि बॅटिंगही जोरात. दोन्ही कामांचे टक्के वेगळे काढायचे की एकत्र? आणि आजच्या काळात दोन्ही करणाऱ्या शोहेइ ओटानीमुळे २०२२ साली आलेला नियम, पिचिंग सोडल्यावरही डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी नुसती बॅटिंग करणारा) म्हणून बॅटिंग चालू ठेवण्याचा, तो रोगनलाही द्यायचा का? माझ्या मसुद्यात टक्के वेगळे आहेत आणि सवलत दोघांनाही आहे. मतदान दिवाळीनंतर.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)