अर्थशास्त्राची परीक्षा फक्त इंग्रजीतच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केंद्र सरकारची ‘भारतीय आर्थिक सेवा’ नावाची वेगळी सेवा आहे, असे एम.ए.च्या वर्गात सांगितले की मुले माझ्या तोंडाकडे बघत राहायची. यूपीएससी म्हणजे कलेक्टर, एवढेच त्यांना ठाऊक. ही सेवा १९६१पासून आहे. तिचे अधिकारी निरनिराळ्या मंत्रालयांत योजनांचा हिशेब तपासतात, भाववाढीवर नजर ठेवतात, आर्थिक पाहणी अहवालाला हात लावतात. जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. २०२४ला १८, २०२५ला तर १२च. त्याबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल. आज माझे दुखणे परीक्षेच्या भाषेचे आहे.

नागरी सेवा परीक्षेचे पेपर मराठीत लिहून मुले आयएएस होतात. आर्थिक सेवेचे सगळे पेपर मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात. लेखी परीक्षा १००० गुणांची; त्यात अर्थशास्त्राचे चार पेपर, प्रत्येकी २००चे. अधिकाऱ्याला टिपणे इंग्रजीत लिहायची असतात, हे मान्य. पण त्यासाठी १०० गुणांचा सामान्य इंग्रजीचा पेपर आहेच की! मग अर्थशास्त्राच्या ८०० गुणांत पुन्हा इंग्रजीच कशाला तपासायची? मागणीचा वक्र मराठीतही डावीकडून उजवीकडे खालीच उतरतो.

मराठीत परिभाषा नाही, असे कुणी म्हणेल. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश आहे, आणि लोकहितवादींनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले त्याला पावणेदोनशे वर्षे झाली. अद्ययावत पुस्तके कमी आहेत, हे मात्र खरे. त्यात आम्हा प्राध्यापकांचाही दोष आहे. आम्ही गाइडांवर भागवले.

यात नुकसान फक्त मुलांचे नाही. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पण खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. काढणीच्या दिवसांत पाऊस झाला की एवढा कोरडा माल आणायचा कुठून? मग तोच माल मोंढ्यात पडेल त्या भावाने जातो. नोव्हेंबरात केंद्राने ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली, तोवर कितीतरी जणांनी विकून टाकले होते. हे गणित माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही येत होते, कारण त्याच्या घरचीच पोती काट्यावर चढायची. असा एखादा जण कृषी मंत्रालयाच्या आर्थिक कक्षात असता, तर ही शंका त्याने पेरणीच्या वेळीच काढली असती.

त्या मुलाने या सेवेचा अर्ज आणला होता. जुने पेपर चाळले आणि म्हणाला, “सर, येतंय सगळं, पण लिहिता नाही येणार.” वयाची मर्यादा ३० वर्षांची, इंग्रजी पक्की करायला दोन वर्षे घालवणे घरच्यांना परवडणारे नव्हते. आता तो तलाठी आहे.

या परीक्षेचे नियम केंद्रीय अर्थ मंत्रालय राजपत्रात काढते. कायदा बदलायची गरज नाही. पुढच्या अधिसूचनेत अर्थशास्त्राच्या चार पेपरांपुरती भाषेची अट सैल केली तरी पुरे. आपल्या खासदारांपैकी कुणी संसदेत एक साधा लेखी प्रश्न विचारील का?

– एक निवृत्त अर्थशास्त्र प्राध्यापक, परभणी